हिंजवडीतल्या चुटक्या

आधी माफी मागते. माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं येतं. चौथीनंतर पेन हातात धरलं ते गावच्या शाळेत खिचडी शिजवायला लागल्यावर, तांदळाच्या रजिस्टरमध्ये सही करण्यापुरतं. हे कोणाला दाखवायचं नाही. तरी माफी मागते, कारण ज्या खोलीत बसून लिहिते आहे तिथे एके काळी फार सुंदर अक्षर होतं. माझ्या मुलाचं. आता तो डाव्या हाताने लिहितो आणि त्याचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट येतं.

आमचं गाव मराठवाड्यात. त्याचे वडील गेल्यावर मुलगा आयटीआय करून इकडे चाकणला आला आणि एका कंत्राटदाराकडे लागला. पत्रा दाबून त्याला आकार देणारी मशीन असते, तिला प्रेस म्हणतात, तिच्यावर काम. त्याच्याच शिफ्टला भोसरीचा एक मुलगा होता, मुसलमानाचा. त्याच्या अब्बांचं गॅरेज आहे, पण पोराचं गाणं-बजावणं त्यांना आवडत नव्हतं, म्हणून तो घर सोडून राहायला जागा शोधत होता. दोघांनी मिळून ही खोली घेतली. पत्र्याची आहे, एक खिडकी, मोरी आतच.

माझा मुलगा लिहायचा आणि मित्र म्हणायचा. रॅप म्हणजे काय ते मुलाने मला फोनवर समजावलं होतं. म्हणाला, गाणं नसतंय आई, बोलणंच असतंय, पण ठेक्यात आणि जोरात. मी म्हटलं, मग भांडणच की. तो खूप हसला होता आणि मागे मित्राला ओरडून सांगितलं होतं की आईला कळलं रॅप काय असतं ते. माइक आणि साउंड बॉक्स मुलाने ओव्हरटाइमच्या पैशांतून घेतला. अर्धे पैसे मित्राने सवडीने द्यायचे ठरलं होतं. ते मागायचे आहेत असं तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं.

मग एका सकाळी प्रेस खाली आली तेव्हा त्याचा उजवा हात आत होता. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेली, तिसरं अर्धं राहिलं. कंत्राटदाराने दवाखान्याचं बिल भरलं, वर थोडे पैसे दिले आणि कागदावर लिहून घेतलं की चूक कामगाराची. उजवा हात बांधलेला होता म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. आमच्या घरात अंगठा उठवणारी शेवटची बाई माझी सासू होती.

मी पंधरा दिवसांसाठी म्हणून आले. मित्र आपली वळकटी आणि माइक-बॉक्स घेऊन भोसरीला अब्बांकडे परत गेला, मला जागा व्हावी म्हणून. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. जेवायला वाढलं तर डाव्या हाताने जेवायचा, आणि मी बघत नाही ना ते आधी बघायचा. मी विचारलं तर हो म्हणायचा, नाहीतर नाही म्हणायचा. मित्र रविवारी पाव आणि केळी घेऊन यायचा, तासभर बसायचा, कंपनीतल्या गमती सांगायचा, कोण कोणाला काय बोलला ते. त्यालाही हो आणि नाहीच.

मला हात परत पाहिजे होता असं नाही. तो येणार नव्हता हे मला कळत होतं. मला एवढंच पाहिजे होतं की या दोघांनी पुन्हा बसावं, याने काही सांगावं आणि त्याने ते म्हणावं. माझा मुलगा लहानपणापासून कमी बोलणारा, माझ्यावर गेलेला. तो मनापासून बोलायचा ते त्या एका मित्राशीच. ते एक सुरू झालं असतं तर बाकीचं काहीतरी झालं असतं, असं मला वाटायचं.

एका रविवारी मित्र आला तो उभाच राहिला. हिंजवडीला एका हॉटेलात कार्यक्रम आहे, तिकीट लावून लोक येतात, कंपन्यांमधली शिकलेली मुलं. त्याला बोलावलं होतं. म्हणाला, मावशी, तुम्ही दोघं या, मी दारात नाव सांगून ठेवतो. मुलगा भिंतीकडे बघून नाही म्हणाला. मित्र गेल्यावर मी म्हटलं, मला बघायचंय. मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं नाही, माझ्या मुलाला ते माहीत आहे. तो म्हणाला, ठीक आहे.

चाकणहून भोसरी, तिथून दुसरी बस. वाकडच्या पुढे बस पायी चालणाऱ्यांपेक्षाही सावकाश चालली होती. उन्हाचे दिवस होते, तरी मुलाने जाकीट घातलं होतं आणि उजवा हात खिशात होता. मी डबा घेतला होता, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कार्यक्रम म्हटला की आमच्याकडे डबा लागतोच.

हॉटेल माडीवर होतं, सगळं काचेचं. खालच्या दारात मी चपला काढल्या. आत सतरंजी असेल असं वाटलं होतं. आत खुर्च्या होत्या, उंच टेबलं होती, लोक बूट घालून बसले होते, आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेल्या एका मुलीने माझ्या पायांकडे बघून हळूच दुसरीकडे बघितलं. मुलगा खाली जाऊन माझ्या चपला घेऊन आला. डाव्या हातात. ती गोष्ट मला अजून आठवते, कारण त्या दिवसांत त्याने आपणहून केलेलं ते पहिलं काम होतं. मला वाटलं, सुरुवात झाली.

आम्ही मागे भिंतीला लागून बसलो. आधी दोन-तीन मुलं येऊन इंग्रजीत काही बोलून गेली. लोकांना आवडलं की ते टाळ्या वाजवत नव्हते, चुटक्या वाजवत होते. हात वर करून, बोटांनी. मला वाटलं कोणी वेटरला बोलावतंय. मी मुलाला विचारलं, हे काय. तो म्हणाला, कवितेच्या कार्यक्रमात असंच असतं, मध्येच टाळ्या वाजवल्या तर बोलणाऱ्याचं पुढचं ऐकू येत नाही.

मग मित्र आला. स्टेजवरचं त्याचं नाव वेगळं होतं, ते मला कळलं नाही. आमच्या खोलीत जेवण झाल्यावर स्वतःचं ताट घासून ठेवणारा, माझ्याकडे मान वर करून न बघणारा पोरगा, तो तिथे दोन पाय फाकवून उभा राहिला आणि सुरू झाला. इतक्या वेगात की मला चार शब्दांतला एक कळत होता. मराठी, हिंदी, मध्येच इंग्रजी. भोसरी आली, कंपनीची बस आली, कँटीनमधली पातळ डाळ आली, तिथे लोक हसले. खाली बसलेली मुलं हात हलवत होती. माझी छाती धडधडत होती त्या आवाजाने. पण मी मुलाकडे बघत होते. त्याचे ओठ हलत होते. मित्र जे म्हणत होता ते सगळं त्याला पाठ होतं, कारण ते त्यानेच लिहिलेलं होतं. मी माझ्या आयुष्यात इतकी खूश क्वचितच झाले असेन.

ते संपलं. मग मित्राने हात करून बाजा बंद करायला सांगितला. म्हणाला, आता एक मी स्वतः लिहिलेलं म्हणतो, बिनबाजाचं. मला चांगलं लिहिता येत नाही, ज्याला येतं तो सध्या लिहीत नाही. आणि सावकाश बोलायला लागला. हे मला सगळं कळलं.

मशीनला दोन बटणं असतात,
दोन हातांसाठी दोन.
दोन्ही हात बाहेर असले
तरच ती खाली येते.
एवढी दया इंजिनिअरने लोखंडात घालून दिली होती.
साहेबाने एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं.
म्हणाला, दयेने माल निघत नाही.

पुढे हात आला, रक्त आलं, डाव्या अंगठ्याचा ठसा आला. भंगारवाला पत्र्याचा भाव करतो, बोटांचा त्याने विचारला नाही, असं काहीतरी होतं. शेवटी गावाहून डबा घेऊन आलेली एक आई होती. ती मी होते. माझ्या मांडीवर तो डबा होता. सगळीकडून चुटक्या वाजायला लागल्या, पत्र्यावर बारीक गारा पडाव्यात तशा. मी रडत होते. कोणीतरी पहिल्यांदा आमची गोष्ट मोठ्याने सांगितली होती, आणि चूक आमची नाही असं सांगितलं होतं.

मला चुटकी वाजवता येत नाही. आमच्या गावात जयंतीला गायन पार्टी येते तेव्हा गाणं आवडलं की माणूस उठून स्टेजवर जातो, गाणाऱ्याला दहा-वीस रुपये बक्षीस देतो. गाणारा गाणं थांबवून माइकवर देणाऱ्याचं नाव घेतो, मग पुढे गातो. मुलाचे वडील त्याला खांद्यावर घेऊन जायचे आणि नोट त्याच्या हाताने द्यायचे, म्हणजे नाव पोराचं घेतलं जाईल. स्वतःचं नाव ऐकून तो त्यांच्या खांद्यावर लाजून डोळे मिटायचा.

मी कधी चार माणसांत उठून उभी राहिलेली नाही. त्या दिवशी कशी उठले माहीत नाही. कमरेच्या पिशवीतून पन्नासची नोट काढली आणि खुर्च्यांमधून पुढे गेले. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमातला भाग आहे. मित्राला मात्र लगेच कळलं, कव्वालीला त्यांच्याकडेही असंच करतात. त्याने वाकून नोट घेतली, कपाळाला लावली आणि माइक बाजूला धरून विचारलं, कोणाच्या नावाने मावशी? मी मुलाचं नाव सांगितलं.

 माइकवर ते नाव घेऊन तो म्हणाला की ही ज्याची गोष्ट आहे तो आज इथे बसला आहे, मागे, भिंतीपाशी. सगळे वळले आणि त्याच्याकडे हात करून चुटक्या वाजवायला लागले. शंभरेक माणसं, हात वर, आणि मध्ये माझा मुलगा खिशात हात घालून. तो उभा राहिला. मला वाटलं तो पुढे येतोय. तो दाराकडे गेला.

खाली बस थांब्यावर सापडला. मी शेजारी बसले. रस्ता गाड्यांनी भरलेला होता, एकही हलत नव्हती. मी म्हटलं, छान बोलला रे तो. त्यावर माझा मुलगा बोलला. अपघातानंतर इतकं पहिल्यांदाच.

“पट्टी साहेबाने लावली नव्हती. आम्ही लावली होती. त्याने दाताने तोडून दिली, मी चिकटवली.”

मी विचारलं, का?

“माल लवकर पूर्ण झाला की तासभर आधी सोडायचे. तेवढ्यात प्रॅक्टिस व्हायची आमची.”

साहेबाला माहीत नव्हतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला की माहीत होतं, सगळेच लावायचे, साहेब बघून न बघितल्यासारखं करायचा. मी म्हटलं, मग साहेबाचीच चूक की रे, तुझ्या मित्राने काय खोटं सांगितलं? मुलाने माझ्याकडे वळून बघितलं.

“माझं एक खरं होतं माझ्याकडे. तेवढंच राहिलं होतं. ते पण त्याने बदललं, आणि लोकांनी बोटं वाजवली. तू तर पैसे दिलेस.”

 डबा तसाच परत आला. खोलीचं कुलूप काढताना तो म्हणाला, त्याला सांग, माइकचे माझे अर्धे पैसे दे.

रविवारी मित्र आला तेव्हा मुलगा आतून उठलाच नाही. मी मित्राला नळापाशी नेऊन सगळं सांगितलं. पैशांचं सांगताना मला तोंड वर करता येईना. तो रागावला नाही. नळाच्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, “मावशी, कागदावर त्याची चूक लिहून झाली होती. मला वाटलं एका तरी ठिकाणी दुसऱ्याची चूक म्हणून लिहून होऊ दे.”

मी आत जाऊन ते मुलाला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, मला कोणी विचारलं होतं? ते मी बाहेर येऊन मित्राला सांगितलं नाही. आतलं ऐकू येण्याइतकी आमची भिंत पातळ आहेच.

तेव्हापासून तो पगार झाला की यायचा. जमतील तेवढे पैसे एका कागदी पाकिटात घालून आणायचा आणि दारातून माझ्या हातात द्यायचा. मी चहा ठेवायचे. मुलगा आत असला तर मोरीत जायचा आणि मित्र जाईपर्यंत पाण्याचा आवाज करत राहायचा. मित्र मोठ्याने, आत ऐकू जाईल असं बोलायचा. काय भावा, अंघोळ का गाडी धुतोय? एकदा म्हणाला, बाहेर ये राव, माझी चाल बेताल चाललीय, तुझ्याशिवाय कोण सांगणार. पाणी थांबलं. मी गॅस बारीक केला. मग पाणी पुन्हा सुरू झालं.

एका महिन्यात तो माइक आणि बॉक्सच घेऊन आला. म्हणाला, पैशांऐवजी हेच त्याच्यापाशी राहू दे, मी येऊन वापरीन. मुलगा तेवढ्यापुरता दारात आला. उजवा हात पाठीमागे. मला काय करायचंय त्याचं, वीक आणि पैसे दे, म्हणाला. मित्र हसून म्हणाला, तुझा आवाज तरी आहे अजून, मला वाटलं तोही प्रेसमध्ये गेला. पूर्वी अशा बोलण्यावर दोघं हसून लोळायचे. मुलाने दार लोटलं. अर्ध्यावर, माझ्यासाठी म्हणून.

खरं सांगायचं तर मी मनातून म्हणायचे की पोराने पैसे सावकाश द्यावेत. पैसे होते तोवर त्याला यायला कारण होतं. एकदा त्याने जास्त आणले तर मी त्यातले काही परत त्याच्या खिशात कोंबले, म्हटलं, अब्बांना औषध लागतं ना, पुढच्या खेपेला दे. त्याला कळलं असावं. पुढच्या खेपेला कमी आणले.

मधल्या काळात मुलाला एका गोदामाच्या फाटकावर काम लागलं. आत-बाहेर जाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहायचे, डाव्या हाताने. सुपरवायझर म्हणतो, तुझं लिहिलेलं तुलाच वाचता येतं, म्हणून तुला काढता पण येत नाही. मुलाने ते मला सांगितलं, पण हसला नाही. गावच्या शाळेत माझ्या जागी दुसरी बाई लागली. पंधरा दिवस कधीच संपले. आता मी इथेच.

शेवटच्या आधीच्या खेपेला मित्र चहा न पिता बराच वेळ उभा होता. त्याने प्रेसवरचं काम सोडलं होतं, आठवड्याला एखादा कार्यक्रम मिळत होता, बाकी दिवस अब्बांच्या गॅरेजात. म्हणाला, मावशी, मी ते खरं करून म्हणून बघितलं. थेरगावात कार्यक्रम होता. पट्टी आम्हीच लावली, दाताने मी तोडली, साहेबाने बघितलं आणि पुढे गेला, सगळं आहे तसं. मी विचारलं, मग? तो म्हणाला, लोक गप्प बसले. नंतर एकाने येऊन सांगितलं की आधीचं चांगलं होतं. तेव्हापासून मी ते म्हणतच नाही, ना असं ना तसं.

मला वाटलं, याने आता काहीतरी होईल. मुलगा घरी आल्यावर त्याला जेवायला वाढलं, तो निम्मा जेवेपर्यंत थांबले आणि मग सगळं सांगितलं, थेरगावचं, लोक गप्प बसल्याचं. तो भाकरी मोडत होता. एका हाताने, तळहाताखाली दाबून. घास झाला, पाणी प्यायला.

“आता किती राहिले?” त्याने विचारलं.

मी आकडा सांगितला. तो म्हणाला, त्यात तुझे पन्नास धरलेस का?

मी म्हटलं, ते बक्षीस होतं. तो म्हणाला, धर.

या रविवारी मित्र आला. मी त्याला पन्नासचं काही सांगितलेलं नव्हतं, सांगणारही नव्हते. पण मुलाने आतून पुकारून सांगितलं, आईचे पन्नास पण दे, मोरीतून नाही, खोलीतून, स्पष्ट. त्याचा आवाज ऐकून मित्राचा चेहरा आधी उजळला. मग मुलगा काय मागतोय ते त्याला कळलं. त्याने पाकीट माझ्या हातात दिलं, खिशातून पन्नासची नोट काढली, कपाळाला लावली नाही, नुसती पाकिटावर ठेवली. येतो मावशी, म्हणाला. कधी ते मी विचारलं नाही.

आमच्याकडे दिलेलं बक्षीस परत घेत नाहीत. मी घेतलं. मुलगा बाहेर आला, पाकीट आणि नोट घेऊन डब्यात ठेवली आणि झाकण डाव्या हाताने दाबून बसवलं. पैसे पूर्ण फिटले.